साहेबांचा कोट, संशयिताचा चष्मा

आमच्या हौशी नाट्यमंडळीत ज्याला काहीच येत नाही, त्याच्याकडे वेशभूषा देतात. अभिनयाला पाठांतर लागतं, प्रकाशयोजनेला विजेची भीती नसावी लागते, संगीताला कान लागतो. कपडे काय, घरोघरी असतातच. यंदा हा मान माझ्याकडे आला. मी हैदराबादच्या नल्लकुंट्यात राहते, औषधांच्या एका एजन्सीचे हिशेब लिहिते आणि रंगभूमीशी माझा संबंध तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवण्यापुरता. एकांकिका साधीच. पतसंस्थेतून पैसे गेलेत, तिथल्या हिशेबनिसाला पोलिसांनी बोलावलंय. एक टेबल, दोन खुर्च्या, इन्स्पेक्टर, हवालदार आणि तो बिचारा. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती चौकशी. दिग्दर्शकांनी मला एकाच वाक्यात काम समजावलं, "वहिनी, सीआयडीसारखं दिसलं पाहिजे." मी वहीत लिहिलं, ‘खाकी, दोन जोड’, आणि काम संपल्याच्या समाधानात झोपले.

दुसऱ्या दिवशी खात्री करावी म्हणून ‘सीआयडी’चे जुने भाग लावले, आणि वहीतली ओळ खोडावी लागली. खाकी आहेच कुठे? एसीपी प्रद्युम्न कोटात नाहीतर साध्या शर्टात, त्यांचे सहकारी दया आणि अभिजीतही आपापल्या कपड्यांत. ही मालिका २१ जानेवारी १९९८ ला सोनीवर सुरू झाली आणि वीस वर्षं चालली. आमच्या घरात तर ती जेवणाच्या ताटांसमोर चालायची. इतकी वर्षं पाहूनही या सगळ्यांच्या अंगात गणवेश नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं! मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, ते सीआयडी आहेत. साध्या वेशातले पोलीस." हे ज्ञान घरात सर्वांना होतं.

मग मी नेटाने बसले. मालिका बी. पी. सिंग यांची. तिच्या आधी त्यांनी मुंबई दूरदर्शनसाठी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलीसमालिका केली होती आणि तिच्यातही, पुढे एसीपी प्रद्युम्न झालेले, शिवाजी साटम होतेच. साटम मूळचे सेंट्रल बँकेतले कॅशियर. हे कळल्यावर मला त्यांच्याबद्दल व्यवसायबंधूची आपुलकी वाटू लागली आणि मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. उंची बेताची, आवाज सहसा चढत नाही, बोटं हवेत गोल फिरवायची सवय. आणि तरी उंची सुटातला कारखानदार त्यांच्यासमोर घाम पुसतो. खाकीतला शिपाई दिसलाच तर तो मागे, दाराशी, बिनसंवादाचा. एसीपींना तोंडावर उलट बोलणारा माणूस एकच, तो म्हणजे फॉरेन्सिकचे डॉक्टर साळुंखे. आणि त्यांच्या अंगात प्रयोगशाळेचा कोट. मी वहीत नवीन नियम लिहिला : ज्याला कपड्यांतून अधिकार दाखवावा लागतो, तो खालचा, ज्याला लागत नाही, तो वरचा. नियम इतका सुंदर वाटला की मी तो दिग्दर्शकांना फोन करून वाचून दाखवला. ते म्हणाले, "छान आहे. पण हवालदाराची पँट मिळाली का?"

मुलीने सुचवलं की आवाज बंद करून बघ. हा उपाय फार चांगला निघाला. संवाद गेले की चौकशीत कोण जिंकतंय हे केवळ दिसण्यावरून ओळखायचं. बसलेला कोण, उभा कोण. कॅमेरा कोणाकडे खालून बघतो आणि कोणाकडे वरून. खालून घेतलेल्या चित्राला लो अँगल म्हणतात, म्हणजे माझ्या भाषेत ‘लहान मुलाच्या नजरेतून मोठा माणूस’. संशयित पहिल्यांदा येतो तेव्हा त्याचे केस विंचरलेले, कॉलर ताठ. मग एक बटण उघडतं, केस कपाळावर येतात, बाही चुरगळते. पोलिसाची इस्त्री मात्र शेवटपर्यंत मोडत नाही. रात्रभर जागून चौकशी केली तरी शर्ट सकाळचाच! मला वाटलं, कोणाचं तरी लक्ष नव्हतं. मुलगी म्हणाली की कपडे, केस, घाम हे सगळं एका प्रसंगातून दुसऱ्यात जुळतंय ना हे बघायला सेटवर माणूस नेमलेला असतो. त्याला कंटिन्युइटी म्हणतात. त्याचं मी भाषांतर केलं ‘सातत्यखातं’. म्हणजे संशयिताचा चुरगळणारा शर्ट हा कोणीतरी जुळवलेला हिशेब असतो. हिशेबनीस असून मला तो दिसायला आवाज बंद करावा लागला.

आता हाव सुटली. इतर गुप्तहेर शोधले. १९८५ मध्ये दूरदर्शनवर आलेला ‘करमचंद’ : पंकज कपूर, हातात गाजर, डोळ्यांवर काळा चष्मा. समोरच्याला त्याचे डोळे दिसत नाहीत, त्यामुळे आपलं खोटं पकडलं गेलं की नाही हे कळायला मार्ग नाही. १९९३ चा ‘ब्योमकेश बक्षी’ : रजित कपूर धोतर-सदऱ्यात, शेजारच्या शिक्षकासारखे, आणि म्हणून लोक त्यांच्यापुढे बोलून जातात. आणि अमेरिकेतला ‘कोलंबो’, १९७१ पासून एनबीसीवर मालिका म्हणून चाललेला. त्यातला खुनी बहुधा बंगल्यात राहणारा, रेशमी टायवाला. आणि तपासायला येतो तो चुरगळलेल्या रेनकोटातला पीटर फॉक. तो कोट फॉक यांचा स्वतःचा होता, घरून आणलेला. खुनी कोण हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असतं. मजा आहे ती कोट पाहून बेसावध झालेल्या खुन्यात. म्हणजे माझ्या सुंदर नियमालाही पोटनियम हवा होता : काही जण कपड्यांनी दाबतात, काही जण कपड्यांनी भुलवतात.

ही विद्या खरी का, हे मंडईत तपासायचं ठरवलं. काळा चष्मा लावून मी नल्लकुंट्याच्या भाजीबाजारात गेले. डोळे दिसू द्यायचे नाहीत, कमी बोलायचं, दोडक्याचा भाव विचारून गप्प उभं राहायचं. समोरचा अस्वस्थ होईल, भाव आपणहून उतरवेल. भाजीवाली खरंच क्षणभर थांबली. मग काळजीच्या सुरात म्हणाली, "कंटि ऑपरेशन अयिंदा अम्मा?" डोळ्याचं ऑपरेशन झालं का म्हणून विचारत होती. भाव उतरला नाही. पिशवी मात्र तिने स्वतः उचलून माझ्या हातात दिली आणि पायरी जपून उतरा असं बजावलं.

तेव्हा कुठे मला वाचायची बुद्धी झाली. लेनर्ड बिकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रस्त्यावर एक तरुण उभा केला. कधी साध्या जाकीट-टायमध्ये, कधी दूधवाल्याच्या गणवेशात, कधी पहारेकऱ्याच्या. तो येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगे, ही खाली पडलेली पिशवी उचला, किंवा त्या माणसाला पार्किंगसाठी सुटं नाणं द्या. माणूस तोच, वाक्य तेच. पण पहारेकऱ्याच्या गणवेशातलं लोकांनी जास्त ऐकलं. वाचून मी खूश झाले, म्हणजे खाकीच बरोबर! पण पुढचंच पुस्तक उलटं निघालं. फ्रेड इनबाउ आणि जॉन रीड या दोघांनी अमेरिकन पोलिसांसाठी चौकशीचं पाठ्यपुस्तक लिहिलं, १९६२ मध्ये. ते सांगतात की चौकशी करणाऱ्याने गणवेश घालू नये, साधे नीटनेटके कपडे घालावेत, पिस्तूल दिसू देऊ नये. गणवेश पाहिला की समोरच्याला तुरुंग आठवतो आणि त्याचं तोंड बंद होतं. याच पुस्तकातल्या युक्त्यांवर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९६६ च्या मिरांडा निकालात कडक शब्दांत लिहिलं, हा भाग वेगळा. दोन्ही कागद शेजारी ठेवून मी बराच वेळ बसले. मग उजेड पडला : गणवेशाने हुकूम पाळला जातो, मनातलं बाहेर काढायला तो उपयोगाचा नाही. बिकमनला पिशवी उचलून हवी होती, इनबाउला कबुली.

डॉक्टरचा कोट घातला की घालणाऱ्याचंच लक्ष तल्लख होतं, असंही २०१२ च्या एका संशोधनात सापडलं. मी लगेच इन्स्पेक्टरच्या नटाला ताठ कोट चढवायचा बेत केला. मग कळलं की २०१९ मध्ये दुसऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. बेत तिथेच मोडला, आणि नटाने "वहिनी, मे महिन्यात कोट?" असं विचारल्यावर मी संशोधनाचे आभार मानले.

हवालदाराची खाकी तर लागणारच होती, आणि दिग्दर्शकांनी इन्स्पेक्टरचीही आणून ठेवा म्हणून सांगितलेलं. नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानातून दोन जोड आणले. स्कूटरवरून येताना मनात भीती, की वाटेत अडवलं तर? पोलिसाचा गणवेश बाळगते म्हणून मलाच आत घेतील. घरी आल्यावर एक चित्र बघून इन्स्पेक्टरच्या खांद्यावर तीन चांदण्या शिवल्या. चित्रात त्यांच्याखाली लाल-निळी फीत होती, पण ती मला सजावट वाटली आणि घरी तशी फीत नव्हतीही. आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त सब-इन्स्पेक्टर राहतात; जन्म हैदराबादचा, भाषा अस्सल दखनी. त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी शर्ट उलटसुलट केला आणि खो खो हसत सुटले. "क्या अम्मा, इन्स्पेक्टर कू एकदम डीएसपी बना दिये? हमकू तो पूरी नोकरी में एक प्रमोशन नै मिला!" तीन चांदण्या आणि फीत म्हणजे इन्स्पेक्टर, फीत काढली की डीएसपी. दोन बोटांची फीत, तिच्यात वर्षानुवर्षांची सेवा, आणि मी ती शिवणाच्या डब्यात नाही म्हणून रद्द केली होती.

स्कूटरच्या भीतीबद्दलही त्यांनी समजावलं. फसवण्याच्या इराद्याने सरकारी नोकराचा वेश करणं हा गुन्हा. भारतीय न्याय संहितेच्या २०५ व्या कलमात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. नाटकाला तो इराद्याचा भाग लागू नाही. मग त्यांनी छातीवर उजव्या खिशापाशी बोट टेकवलं. "नेमप्लेट किधर है?" मी म्हटलं, नाटकात इन्स्पेक्टरला नावच नाही. ते गंभीर झाले. १८ डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अटक आणि चौकशी करणाऱ्या पोलिसाने स्पष्ट वाचता येईल अशी, हुद्द्यासह नावाची पट्टी लावली पाहिजे. मला आतापर्यंत वाटायचं की गणवेशावरचं सगळं काही समोरच्याला दबवण्यासाठी असतं. त्यातली ही एक वस्तू चक्क समोरच्याच्या कामाची निघाली. तक्रार करायची तर कोणाविरुद्ध, हे त्याला कळावं म्हणून.

मग मी शेवटी माझा मुख्य प्रश्न विचारला : खऱ्या चौकशीत आरोपीने काय घालायचं? ते म्हणाले, स्वतःचेच कपडे; तुरुंगाचे कपडे शिक्षा झालेल्याला. पण लॉकअपमध्ये टाकताना पट्टा, नाडी, बुटाची लेस काढून घेतात, जिवाचं बरंवाईट करून घेऊ नये म्हणून. आणि तोंडावर बुरखा घालतात तो लाजेसाठी नसतो. पुढे ओळख परेड व्हायची असेल तर साक्षीदाराने आधी चेहरा पाहिलेला चालत नाही. मी विचारलं, मग आरोपी कबुली कधी देतो? ते पुन्हा हसले. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा धरत नाहीत. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते २५ वं कलम होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात २३ वं. शिवाय २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ठाण्यांत, चौकशीच्या खोल्यांतसुद्धा कॅमेरे बसवा म्हणून सांगितलंय. म्हणजे ज्या वाक्याला मालिकेत संगीत वाढतं आणि भाग संपतो, त्या वाक्याने खटला जिंकता येत नाही. आमची एकांकिका नेमकी त्याच वाक्यावर संपत होती. हे दिग्दर्शकांना सांगायचं काम अर्थातच माझ्यावर आलं.

निघताना त्यांनी फोनवरच्या पोलिसांची गोष्ट काढली. व्हिडिओ कॉल येतो, पडद्यावर खाकीतला साहेब, मागे ठाण्यासारखी भिंत, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात, कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कोणाला सांगायचं नाही, पैसे अमुक खात्यात भरा. अशी अटक कायद्यात नाहीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही ‘मन की बात’मध्ये लोकांना हे सांगितलं. या सब-इन्स्पेक्टरसाहेबांच्या ओळखीतल्या शिकल्यासवरल्या माणसांनीही पैसे भरलेत. "उनकू पूरी वर्दी कायकू होना अम्मा? कमर के ऊपर की बस." इकडे माणूस घरातल्या गाऊनमध्ये नाहीतर बनियनमध्ये, केस विस्कटलेले, कॅमेऱ्यासमोर बसून राहिलेला, तिकडे इस्त्रीचा शर्ट. आवाज बंद करून मी जे दृश्य पाहत होते, तेच हे. फक्त यातल्या संशयिताला आपण मालिकेत आहोत हे ठाऊक नसतं. माझ्या पिशवीतला भाड्याचा शर्ट मला घरी नेववेना, इतका तो एकाएकी जड वाटला. पण डिपॉझिट भरलं होतं.

तालमीत मी धीर करून माझं म्हणणं मांडलं. इन्स्पेक्टरला खाकी नकोच, साधा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि नावाची पट्टी. खाकी फक्त हवालदाराला. हिशेबनीस मात्र ऑफिसातून थेट आलेला, इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन. सुरुवातीला दोघांत साहेब कोण हेच कळू नये. इन्स्पेक्टरचा नट नाराज झाला. त्याने खाकीत फोटोसुद्धा काढून ठेवले होते. मी त्याला तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधला सुखात्मे आठवून दिला. न चालणारा वकील. खेळातल्या खटल्यात काळा झगा चढतो आणि माणूस उलटतपासणीत दात दाखवायला लागतो. "म्हणजे मला झगा हवाच ना?" तो म्हणाला. युक्तिवादाचं माझं कौशल्य हे असं.

पण करून पाहिल्यावर तोही गप्प झाला. हवालदाराने आत येऊन हिशेबनिसाचा पट्टा मागितला, पेन काढून घेतलं, मग चष्मा, आणि सगळं टेबलावर साहेबांच्या बाजूला ठेवलं. संवाद एकही नाही. पट्टा गेल्यावर नटाची पँट खरंच सैल झाली आणि तो एका हाताने ती धरून बसला. आता त्याला हातवारे करता येईनात. बाजू मांडायची तर पँट सोडावी लागणार. प्रत्येक वाक्य एका हाताचं. चष्मा गेल्यावर तो डोळे बारीक करून साहेबांकडे पाहू लागला, पुढे वाकला, आणि आम्हाला कळलं की तो नावाची पट्टी वाचायचा प्रयत्न करतोय. हे कोणी त्याला सांगितलं नव्हतं. कोर्टाने त्याच्यासाठी लावायला लावलेली पट्टी समोर आहे, आणि वाचायचा चष्मा साहेबांच्या कोपराशी. इतके दिवस मी कोणाला काय घालायचं याच्या याद्या करत होते. नाटक कोणाचं काय काढून घेतलं यात होतं. काढून घेणाऱ्याने काय घातलंय, याकडे कोणी बघतही नाही.

शेवट बदलला. कबुली गेली. हिशेबनीस चष्मा परत मागतो, साहेब थोडा वेळ घेतात आणि देतात. तो चष्मा पुसतो, लावतो आणि साहेबांचं नाव मोठ्याने, हुद्द्यासकट वाचतो. पडदा. प्रयोगाच्या दिवशी माझी जबाबदारी दोन सेफ्टी पिना आणि हवालदाराची टोपी एवढीच उरली होती. प्रयोगानंतर लोक आत येऊन नटांना भेटले, दिग्दर्शकांना भेटले. एका काकांनी मला विचारलं, "तुमचं काय होतं यात?" मी म्हटलं, वेशभूषा. ते म्हणाले, "असं होय? पण सगळे घरच्याच कपड्यांत होते ना?"

त्यांच्या मागे एक आजी उभ्या होत्या. त्यांना चष्म्याचा प्रसंग फार आवडला होता. म्हणाल्या, "मलाही आला होता गं तसला फोन, वर्दीतल्या माणसाचा. मी घाबरून बसले होते, नातू आला म्हणून सुटले." मी संधी साधून सगळं सांगितलं, की अशी अटक नसते, फोन ठेवून द्यायचा, १९३० ला कळवायचं, वर्दीवर विश्वास ठेवायचा नाही. वेशभूषेचा अधिकार प्रथमच अंगात आल्यासारखं वाटत होतं. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं, पर्समधून चष्मा काढला, लावला आणि मला खालून वर न्याहाळत म्हणाल्या, "ते सगळं खरं. पण तू कोण गं? आधी नाव सांग."